‘रडू नकोस, आई’ : एका स्वीडिश बालकथेचं प्रकरण

दहावं वर्षही न लागलेला एक आजारी मुलगा स्वयंपाकघरातल्या बाकावर अंथरुणात पडून आहे. आई शिवणकाम करून घर चालवते. आलेल्या एका बाईशी ती हलक्या आवाजात बोलते आहे, पोरगा झोपलाय अशा समजुतीत. तो जागा असतो. आपण फार दिवस जगणार नाही हे त्याला असं कळतं. मग तो थोरल्या भावाला विचारतो, मी मरणार आहे हे तुला माहीत आहे? तेरा वर्षांचा भाऊ आधी थोडा विचार करतो आणि मग म्हणतो, हो, माहीत आहे.

‘तुला काही होणार नाही’ असं तो म्हणत नाही. मला विचाराल तर पुढचं सगळं पुस्तक आणि त्यावरून उठलेला सगळा गदारोळ या एका उत्तरात आहे.

हे पुस्तक म्हणजे अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांचं ‘ब्रदर्स लायनहार्ट’, सिंहाच्या काळजाचे दोन भाऊ. १९७३ साली ते स्वीडनमध्ये आलं तेव्हा बाईंचं वय पासष्टच्या पुढे होतं. १९४५ साली आलेल्या, एका हाताने घोडा उचलणाऱ्या दांडगट पोरीच्या, पिप्पीच्या गोष्टींमुळे त्या घराघरांत ठाऊक होत्या. त्यांच्याकडून लोकांना हसू अपेक्षित होतं. हाती आली ती दोन मरणांनी सुरू होणारी आणि कड्यावरून मारलेल्या उडीने संपणारी गोष्ट.

गोष्ट काय आहे

धाकटा कार्ल, भावाचा लाडका ‘स्कोर्पान’, म्हणजे आपल्या भाषेत टोस्ट. चहात बुडवायचा तो. सतत खोकणारा, पाय वाकडे, स्वभावाने भित्रा. थोरला योनातान देखणा, धीट आणि सगळ्यांचा आवडता. रात्री खोकल्याची उबळ आली की तो उठून मधाचं गरम पाणी करून देतो. धाकट्याला तो नांगियालाबद्दल सांगतो. माणूस मेल्यावर तिथे जातो, तिथे अजून शेकोट्यांचा आणि गोष्टींचा काळ चालू आहे, खोकला नाही, पाय सरळ होतात. कार्लची अडचण वेगळीच. मी आधी जाईन, तू नव्वद वर्षं जगशील, तोवर मी तिथे एकटा काय करू? योनातान म्हणतो, तिथला वेळ निराळा आहे, मी नव्वदीला आलो तरी तुला दोनच दिवस झाल्यासारखे वाटतील.

घडतं मात्र उलटं. घराला आग लागते. योनातान धाकट्याला पाठीवर घेऊन खिडकीतून उडी मारतो. धाकटा वाचतो, थोरला जातो. काही काळाने कार्लही जातो. जाण्यापूर्वी आईसाठी चिठ्ठी लिहून ठेवतो: रडू नकोस, आई, आपण नांगियालात भेटू.

इथवर जेमतेम दोन प्रकरणं होतात.

पुढे चेरीची दरी, घोडे, नदीत मासेमारी, भावांचं स्वतःचं घर. पण स्वर्गातही सुख टिकत नाही, आणि मला वाटतं इथेच लिंडग्रेन साध्या सांत्वनकारांपासून वेगळ्या होतात. शेजारची रानगुलाबाची दरी तेंगिल नावाच्या जुलमी राजाने बळकावलेली आहे. दरीभोवती भिंत, काळ्या शिरस्त्राणांचे शिपाई, रात्री बाहेर पडायला बंदी, माणसं उचलून गुलामीला नेणं. तेंगिलच्या हाती कात्ला ही अजस्र मादी-ड्रॅगन आहे. तिच्या आगीची जीभ नुसती लागली तरी माणूस मरतो किंवा कायमचा लुळा पडतो. भाऊ लढ्यात उतरतात. लढा जिंकला जातो, चांगली माणसं मरतात, आणि शेवटी योनातानला कात्लाची आग लागते. तो लुळा पडत चाललेला आहे. नांगियालाच्या पलीकडे नांगिलिमा आहे असं तो सांगतो. आता भित्रा कार्ल भावाला पाठीवर घेतो आणि अंधारात कड्यावरून उडी मारतो. शेवटच्या ओळीत तो ओरडतो की मला उजेड दिसतोय.

आक्षेप

सत्तरीच्या दशकातल्या स्वीडनची हवा ठाऊक असल्याशिवाय हा वाद नीट कळत नाही. तेव्हाचं बालसाहित्य वास्तवाकडे वळलं होतं. मुलांना समाज दाखवा, बेकारी दाखवा, आईबापांचा काडीमोड दाखवा, पऱ्या पुरे झाल्या, असा सूर होता. अशात ड्रॅगन आणि घोडे घेऊन कुणी आलं की भुवया उंचावणारच. डाव्या विचारांच्या समीक्षकांचं म्हणणं, तेंगिल नुसताच दुष्ट आहे. तो का दुष्ट आहे, त्याच्या जुलमामागे कोणाचे हितसंबंध आहेत याचा पत्ता नाही. काळं आणि पांढरं, बस्स.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. संकटात सापडलेल्या मुलाला हे पुस्तक मरण हीच सुटका म्हणून दाखवतं, आणि शेवटची उडी म्हणजे सरळ आत्महत्या आहे. जर्मनीतही हा मुद्दा जोरात मांडला गेला.

पहिला आक्षेप मला पटत नाही, कारण तो पुस्तक अर्धंच वाचून केलेला वाटतो. चेरीच्या दरीतला सगळ्यात हसरा, खाऊपिऊ घालणारा माणूस म्हणजे खानावळवाला योस्सी. फितूर निघतो तो. ज्याच्यावर संशय असतो तो तुसडा माणूस प्रामाणिक ठरतो. याला काळंपांढरं म्हणता येत नाही. लढ्याचा पुढारी ऊर्वार योनातानला विचारतो, स्वतःचा जीव वाचवायलासुद्धा तू कुणाला मारणार नाहीस? तो नाही म्हणतो. सगळे तुझ्यासारखे झाले तर दुष्टांचंच राज्य कायम राहील, असं ऊर्वार म्हणतो. आणि कार्ल म्हणतो की सगळे योनातानसारखे झाले तर दुष्ट उरतीलच कसे. या भांडणात लेखिका कोणाच्याही बाजूने निकाल देत नाही. दहा वर्षांच्या मुलापुढे अहिंसेचा इतका अवघड प्रश्न न सोडवता ठेवून देणं ही सोपी गोष्ट नाही.

दुसऱ्या आक्षेपाकडे नंतर येते.

कुठून आलं हे

गोष्टीच्या उगमाबद्दल बाईंनी सांगितलेले तीन प्रसंग आहेत. एक, वेर्मलांड प्रांतात फ्रिकेन तलावाच्या काठाने आगगाडी चाललेली, हिवाळ्यातली पहाट, बर्फावर गुलाबी उजेड. हा या जगातला उजेड नव्हे असं त्यांना वाटलं. दुसरा, त्यांच्या विम्मर्ब्यू गावच्या दफनभूमीतला लोखंडी क्रूस. त्यावर १८६० साली गेलेल्या दोन तान्ह्या भावांची नावं. तिसरा, एका बालचित्रपटाच्या कलाकार निवडीनंतरची पत्रकार परिषद. फोटोंच्या भडिमाराला कंटाळलेला छोटा नट थोरल्या भावाच्या मांडीवर जाऊन बसला आणि भावाने वाकून त्याचा गालगुच्चा घ्यावा तसा हळूच मुका घेतला.

पहाट, थडगं, भाऊ. कथानक नाही, नुसती चित्रं.

याखाली आणखी दोन थर आहेत, ते बाईंच्या आयुष्यातले. १९२६ साली, लग्न न झालेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी असताना त्यांना मूल झालं. त्या काळच्या लोकलाजेपायी ते बाळ कोपनहेगनला एका पालक-आईकडे ठेवावं लागलं आणि जवळजवळ तीन वर्षं त्या पैसे जमतील तसं भेटायला जात राहिल्या. त्यांच्या पुस्तकांतली एकटी पोरं, वाट पाहणारी पोरं कुठून येतात हे त्यावरून समजतं. दुसरा थर युद्धाचा. १९३९ ते १९४५ त्यांनी रोजनिशी लिहिली, आणि टपाल तपासणीच्या सरकारी खात्यात लोकांची पत्रं वाचण्याचं काम केलं. युरोपात काय चाललंय हे त्यांनी परक्यांच्या पत्रांतून वाचलं होतं. रानगुलाबाच्या दरीची भिंत, माणसं नेणं, निरोप पोचवणारी कबुतरं, हे कल्पनेतून आलेलं नाही. १९७३ च्या प्रौढ वाचकाला ते ताबडतोब ओळखू आलं असणार. मुलांना ती फक्त एक भयंकर भिंत.

मुलांनी काय केलं

मुलांनी पत्रं लिहिली. लिंडग्रेन यांना जन्मभरात आलेली पत्रं पाऊण लाखाच्या घरात आहेत. ती स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असून हा संग्रह २००५ साली युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ यादीत गेला. या पुस्तकाबद्दल मुलांचा प्रश्न बहुतेक करून एकच: पुढे काय झालं? नांगिलिमात ते पोचले का? तिथे कुठे राहिले?

यातला फरक बघा. मोठी माणसं विचारत होती, त्या मुलाने उडी का मारली. मुलं विचारत होती, उतरल्यावर काय झालं.

आणि बाईंनी उत्तर लिहिलं. दोघं सफरचंदांच्या दरीत राहतात, झाडांवर घरं बांधतात, रानात घोड्यांवरून भटकतात, कार्लला कुत्रा मिळालाय. आणि तेंगिल, योस्सी? ते तिथे आले नाहीत, त्यांची रवानगी लोक्रुमे नावाच्या दुसऱ्याच मुलखात झाली. सरकारी बदलीच्या हुकुमासारखं हे उत्तर वाचून मला हसू आलं, पण मुलांना तेच हवं होतं. दुष्ट माणूस आता शेजारी राहत नाही ना, एवढं पक्कं कळायला हवं होतं.

मी हे पुस्तक प्रथम वाचलं ते चाळिशीत, जोन टेट यांच्या १९७५ च्या इंग्रजी भाषांतरातून, आणि दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. नंतर भाचीला तेच मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. माझा आवाज घोगरा झाला त्याच चिठ्ठीपाशी तिने विचारलं, ‘मावशी, तिकडे गेल्यावर भूक लागते का?’ लागते, असं सांगितलं. ती पुढे ऐकायला तयार.

अंधार का पेलवतो

पहिलं कारण, सांगणारा मुलगा स्वतः कार्ल आहे. तो मेला हे आपल्याला त्याच्याकडूनच कळतं, म्हणजे तो आहेच. अगदी सुरुवातीलाच तो बजावतो की ही गोष्ट थोडी परीकथेसारखी, थोडी भुताच्या गोष्टीसारखी आहे, पण सगळी खरी आहे. ज्या आवाजाबद्दल काळजी वाटायची तो आवाजच शेवटपर्यंत कानाशी बोलत राहतो. मुलाला एवढा आधार पुरतो.

दुसरं कारण पाठ. सुरुवातीला थोरला धाकट्याला पाठीवर घेतो, शेवटी धाकटा थोरल्याला. दोन्ही उड्या सारख्याच, पण मधे दोनशेहून अधिक पानांचा धीर आहे. भित्रेपणा संपलेला नाही. कार्ल शेवटपर्यंत घाबरतो आणि शेवटपर्यंत घाबरत घाबरत करतो. योनातानचं एक म्हणणं पुस्तकात पुन्हा पुन्हा येतं: काही कामं धोक्याची असली तरी करावीच लागतात, नाहीतर आपण माणूस नसून नुसती घाणीची बारीकशी गोळी. मुलांना हे वाक्य फार आवडतं, त्यात घाण आहे म्हणूनसुद्धा.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कार्लला मरणाची भीती नाही, एकटं राहण्याची आहे. मरण म्हणजे काय हे दहा वर्षांच्या मुलाला नीटसं समजत नाही. अंधाऱ्या खोलीत एकटं पडणं त्याला पुरतं समजतं. लिंडग्रेन यांनी मोठ्या भीतीचं ओळखीच्या भीतीत रूपांतर केलं आणि ओळखीच्या भीतीवर उपाय दिला, भाऊ. गोष्ट कितीही काळोखी झाली तरी त्या मुलाला एकटं ठेवत नाही. जिथे ठेवते (भावाच्या मागावर एकटा डोंगरात, लांडगे, गुहा) तिथे पुस्तक खरंखुरं भीतिदायक आहे, ड्रॅगनपेक्षाही.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या हे जाणून होत्या. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत खायला टपलेला वाघ, कोल्हा. ‘लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होते, मग मला खा.’ मरणाशी मुदतवाढीचा सौदा करणारी ही बाई आपण तीन वर्षांच्या पोराला जेवताना सांगतो, आणि ते खदखदून हसतं ते ‘टुणूक टुणूक’ला. भोपळा हाच तिचा नांगियालाला जायचा घोडा. फरक एवढाच की म्हातारी घरी पोचते. लिंडग्रेन यांनी पोचण्याचं ठिकाण बदललं.

ते का बदललं, याबद्दल त्यांनी सांगितलेलं कारण साधं होतं. त्यांच्या लहानपणी माणूस गेला की स्वर्गात भेटतो हे मुलांना ठाऊक असायचं. नंतरच्या स्वीडनमधल्या घरांतून तो विश्वास निघून गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. मग मुलांना ऊब द्यायला दुसरी एखादी गोष्ट तरी असू द्या. आपल्याकडे अजून ‘देवाघरी गेले’, ‘तारा झाले’ हे शब्द चालतात. पण तेही आपण घाईघाईने उच्चारतो आणि विषय बदलतो. देवाघर कसं आहे, तिथे जेवायला काय असतं, हे विचारलेलं आपल्याला परवडत नाही. नांगियालाला नकाशा आहे, नद्या आहेत, वाईट माणसंसुद्धा आहेत.

आजारी मूल, खिडकी, पलीकडचं बोलावणं. हे वाचताना भारतीय वाचकाला ‘डाकघर’ आठवल्याशिवाय राहत नाही. टागोरांच्या नाटकातला अमल राजाच्या पत्राची वाट पाहत खिडकीशी बसतो आणि शेवटी दारं-खिडक्या उघडून तो झोपी जातो. १८ जुलै १९४२ रोजी, नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वॉर्सा घेट्टोतल्या अनाथालयात यानुश कोर्चाक या डॉक्टरांनी आपल्या मुलांकरवी हेच नाटक बसवून घेतलं. ऑगस्टच्या सुरुवातीला त्या सुमारे दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढवण्यात आलं. कोर्चाक त्यांना सोडून गेले नाहीत, बरोबर गेले. १९७९ साली त्यांच्याच नावाचा पोलंडमधला आंतरराष्ट्रीय पुरस्कार लिंडग्रेन यांच्या या पुस्तकाला मिळाला. मुलांना एकटं न सोडणाऱ्या माणसाच्या नावाचं बक्षीस या गोष्टीला मिळावं, याहून नेमकी दाद मला सुचत नाही.

आता तो दुसरा आक्षेप

तो मी झटकून टाकणार नाही. शेवटची उडी नुसती रूपक आहे म्हणून सुटता येत नाही; पुस्तकात कडा आहे, खाली अंधार आहे. ज्या मुलाच्या मनात खरोखरच जगणं नकोसं झाल्याचे विचार घोळताहेत, त्याच्या हाती हे शेवटचं प्रकरण एकट्याने पडू नये. त्या मुलाशी आधी कुणीतरी बोलायला हवं, गोष्ट मागाहून. पण या एका कारणाने पुस्तक सगळ्यांपासून दूर ठेवणं मला चुकीचं वाटतं. आजारी भावंडाच्या, गेलेल्या आजोबांच्या घरात मूल तसंही सगळं ऐकत असतं, बाकावर झोपेचं सोंग घेऊन. आपण गप्प राहिलो तर तो जे ऐकेल ते एकटाच ऐकेल.

अभ्यासकांचं एक वाचन असंही आहे की कार्ल खरं म्हणजे त्या बाकावरून कुठे गेलाच नाही. भाऊ गेल्यानंतर एकट्या पडलेल्या, ताप चढलेल्या मुलाने रचलेली ही सगळी कहाणी आहे, आणि शेवटी दिसणारा उजेड हेच त्याचं एकमेव मरण. असं वाचलं तर पुस्तक दुपटीने काळं होतं. उडी मात्र उडी राहत नाही. मूल असं वाचत नाही. प्रौढाला एकदा सुचलं की मग दुसरं काही दिसेनासं होतं. पानं तीच असून वाचणाऱ्याच्या वयानुसार पुस्तक बदलतं ते इथे.

२८ जानेवारी २००२ रोजी लिंडग्रेन गेल्या, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. ८ मार्चला स्टॉकहोमच्या जुन्या शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला. शवपेटीमागून रिकाम्या खोगिराचा पांढरा घोडा चालवत नेला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसं उभी होती, ज्यांत लहानपणी पत्र पाठवलेले पन्नाशीतले कितीतरी असतील.

स्वीडिश वर्तमानपत्रांतल्या निधनाच्या जाहिरातींत आजही कधीकधी एक ओळ दिसते: नांगियालात भेटू. लहान मुलांसाठी असते तशी ती म्हाताऱ्यांसाठीही असते. ज्याने ती पहिल्यांदा लिहिली त्याला दहावंही लागलं नव्हतं, आणि ती त्याने आईसाठी लिहिली होती. गोष्ट त्या स्वयंपाकघरात पुन्हा परतत नाही. दोन मुलं गेलेली ती शिवणकाम करणारी बाई घरी कधी आली, चिठ्ठी तिने कधी वाचली, उभ्याने की बसून, लिंडग्रेन यांनी एक अक्षर लिहिलेलं नाही.